बुद्धिबळाचा चित्रपट दोनदा पाहण्याची रीत

बुद्धिबळाचा डाव पडद्यावर दाखवण्यासाठी मुळीच सोयीचा नसतो. दोन माणसे समोरासमोर बसतात, चार-चार तास एकमेकांशी बोलत नाहीत, अधूनमधून एखादा लाकडी मोहरा दोन घरे पुढे सरकतो, आणि जे महत्त्वाचे घडते ते डोक्यात घडते, जिथे कॅमेरा पोहोचत नाही. क्रिकेटमधला षटकार त्या खेळाचा गंध नसलेल्यालाही कळतो. बुद्धिबळातली निर्णायक खेळी मात्र खेळ न जाणणाऱ्याला इतर चाळीस खेळ्यांसारखीच दिसते. असे असूनही मूकपटांच्या काळापासून दिग्दर्शक या खेळाकडे पुन्हा पुन्हा वळत आले आहेत, आणि २०२०च्या ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘द क्वीन्स गॅम्बिट’ या सात भागांच्या मालिकेने तर ज्यांनी कधी प्यादेही हलवले नव्हते अशा कित्येकांना पट विकत घ्यायला लावले. पहिल्या २८ दिवसांत ६ कोटी २० लाख घरांतून ती पाहिली गेली, असे नेटफ्लिक्सने जाहीर केले होते. त्या काळी ही कंपनी दोन मिनिटे पाहणाऱ्यालाही प्रेक्षक म्हणून मोजत असे, हे ध्यानात ठेवून तो आकडा वाचावा. तरीही तो लहान नाही.

या आकर्षणाचे कारण खेळाच्या स्वरूपातच आहे. पटासमोर बसलेल्या माणसाला बोलता येत नाही, नशिबाला किंवा सहकाऱ्याला दोष देता येत नाही. जे बिघडले ते त्यानेच बिघडवलेले असते आणि ते समोरच्याला लख्ख दिसत असते. माणसाला इतके कोंडणारी आणि त्याच वेळी इतके उघडे पाडणारी परिस्थिती पटकथाकाराला सहसा आयती मिळत नाही. म्हणूनच बुद्धिबळाचा चांगला चित्रपट बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: पटासमोर येऊन बसण्यापूर्वी या माणसाने काय गमावले आहे, आणि ते या चौसष्ट घरांत परत मिळेल असे त्याला का वाटते? हे मान्य केले की पाहण्याची रीतही ठरते. असा चित्रपट पहिल्यांदा पटाकडे फारसे लक्ष न देता पाहावा आणि दुसऱ्यांदा शेजारी पट मांडून पाहावा. खेळ जाणणारे प्रेक्षक पहिल्याच खेपेस पटावर डोळे रोवून बसतात आणि मांडणीत एखादी चूक सापडली की सगळा चित्रपट निकालात काढतात. खेळ न जाणणारे पटाला बिचकून नेमक्या त्याच प्रसंगांत मोबाइल हातात घेतात. नुकसान दोघांचेही होते. (पुढे काही कथांचे शेवट उघड केले आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.)

पाहण्याआधीची तयारी

मोहऱ्यांच्या चाली येत असल्या तरी पुरे. त्या येत नसतील तर घरातल्या कुणाकडून किंवा लिचेससारख्या विनामूल्य संकेतस्थळावरून एखाद्या संध्याकाळी शिकून घ्याव्यात. त्यापलीकडे थोड्याच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. मोहऱ्यांचे ढोबळ मोल असे धरतात: प्यादे एक, घोडा आणि उंट प्रत्येकी तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. तेव्हा कुणी वजीर देऊन उंट घेतला, तर एक तर तो चुकला आहे किंवा त्याला पुढचे काही दिसले आहे. यांतले काय खरे, ते प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यावरून ताडायचे असते. शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेल्या प्याद्याचा वजीर होतो, आणि या एका नियमावर कित्येक पटकथा उभ्या आहेत. डाव बरोबरीत सुटू शकतो आणि बरोबरीचा प्रस्ताव खेळाडू एकमेकांपुढे ठेवू शकतात. स्पर्धेत हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो, खेळ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवाव्या लागतात, आणि ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबावे लागते. वरच्या दर्जाचे खेळाडू मात होईपर्यंत क्वचितच खेळतात. हार दिसली की ते डाव सोडतात.

वेळेच्या हिशेबाची थोडी कल्पना असणे विशेष उपयोगी पडते. १९७२च्या जागतिक अजिंक्यपद लढतीत प्रत्येक खेळाडूला पहिल्या चाळीस खेळ्यांसाठी अडीच तास मिळत. पाच तासांत डाव संपला नाही तर तो तहकूब होई. ज्याची पाळी असेल तो आपली पुढची खेळी कागदावर लिहून लिफाफ्यात बंद करी आणि दुसऱ्या दिवशी तेथून खेळ पुढे सुरू होई. मधल्या रात्री दोन्ही बाजू आपापल्या सहायकांसह त्या स्थितीची चिरफाड करीत. विश्लेषणाचे काम संगणक करू लागल्यावर ही प्रथा उरली नाही, त्यामुळे आजच्या तरुण प्रेक्षकाला ती ठाऊक नसते. पण ती ठाऊक नसेल तर ‘द क्वीन्स गॅम्बिट’च्या शेवटच्या भागात मॉस्कोच्या हॉटेलात मित्रांकडून येणारा दूरध्वनी नुसता मैत्रीचा हळवा प्रसंग वाटतो. सोव्हिएत खेळाडू अशा रात्री संघ म्हणून बसतात आणि अमेरिकेतून आलेली मालिकेची नायिका बेथ हार्मन एकटीच आहे, हे लक्षात घेतले की त्या दूरध्वनीचे वजन कळते.

डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांची नावे मात्र पाठ करत बसू नये. पडद्यावर ‘सिसिलियन’, ‘रुय लोपेझ’ असे शब्द बरेचदा केवळ पात्राची जाण दाखवण्यासाठी येतात, आणि ते न कळल्याने कथेचे काही अडत नाही.

पहिल्या खेपेस: माणसे

पहिल्यांदा पाहताना मनात एकच प्रश्न ठेवावा. हा खेळाडू समोर बसलेल्या माणसाशी खेळतो आहे, की तिथे नसलेल्या कुणाशी? बहुतेक वेळा उत्तर दुसरे निघते. बेथ हार्मन अनाथालयाच्या तळघरात शायबेल नावाच्या सफाई कामगाराकडून खेळ शिकते. पुढे पहिल्या स्पर्धेच्या प्रवेशशुल्कासाठी त्याला पत्र लिहून पाच डॉलर मागते आणि दहा परत करण्याचे वचन देते. ते वचन राहून जाते. शेवटच्या भागात ती त्या तळघरात परतते आणि तिच्या विजयांची कात्रणे भिंतीवर लावलेली पाहते, तेव्हा तोवर ती ज्या डावांत जिंकली त्यांतले कितीसे समोरच्या पुरुषांविरुद्ध होते, असा विचार पडतो. मॉस्कोचा सामना त्यानंतर येतो, हा क्रम योगायोगाचा नाही. मालिका आवडलेल्या बऱ्याच जणांना सोव्हिएत प्रतिस्पर्धी बोरगोव्हविरुद्धचा शेवटचा डाव आठवतो. माझ्या मते मालिकेचा कळस त्या तळघरातच होऊन गेलेला असतो.

१९९३ साली आलेला ‘सर्चिंग फॉर बॉबी फिशर’ हा स्टीव्हन झेलियनचा चित्रपट न्यूयॉर्कच्या एका लहान मुलाविषयी आहे. तिथे जॉश नावाच्या या मुलाला दोन गुरू मिळतात: वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत पैजेवर झटपट डाव खेळणारा व्हिनी, आणि शिस्तीचा शिक्षक ब्रूस पँडोल्फिनी. एक सांगतो की वजीर लवकर बाहेर काढ, चढाई कर. दुसरा म्हणतो की आधी विचार कर, पुढचे दिसेपर्यंत मोहऱ्याला हात लावू नकोस. एका प्रसंगात तो सगळे मोहरे पटावरून जमिनीवर लोटून देतो, म्हणजे मुलाला मोकळ्या पटाकडे पाहून मनात डाव चालवावा लागावा. पहिल्या खेपेस या गुरूंपेक्षाही वडिलांकडे पाहावे. मुलाच्या यशाची गोडी लागलेला बाप आणि हरलो तर बाबा पूर्वीसारखे वागतील ना, या धास्तीने खेळणारा मुलगा, ही जोडी आपल्याकडच्या शिकवणी वर्गांच्या आणि क्रीडा अकादमींच्या दारात उभ्या असलेल्या कोणत्याही पालकाला ओळखीची वाटेल.

मीरा नायर यांच्या ‘क्वीन ऑफ कात्वे’मध्ये (२०१६) खेळ पोटातून सुरू होतो. युगांडाच्या कंपाला शहरातील कात्वे या गरीब वस्तीत मका विकणारी फियोना मुटेसी ही मुलगी रॉबर्ट कटेंडे यांच्या वर्गाकडे वळते, आणि तिथे मुलांना खेळासोबत वाटीभर लापशीही मिळते. प्याद्याचा वजीर होतो हा नियम तिला समजावते ती वयाने लहान असलेली दुसरी मुलगी. सगळ्यांत लहान असलेला सगळ्यांत मोठा होऊ शकतो, एवढेच ती सांगते. वस्तीतल्या मुलीने ते ऐकताना तिचा चेहरा कसा होतो, ते पाहण्यासाठी उंट-घोड्यांच्या चाली येण्याची गरज नाही. आईची भूमिका ल्युपिटा न्याँग’ओने केली आहे, आणि शिकलेल्या मुलीला या वस्तीत पुन्हा राहवेल का, ही आईची भीती मला पटावरच्या कोणत्याही धोक्यापेक्षा खरी वाटली.

चेहऱ्यांनंतर हात पाहावेत. मोहरा उचलण्याची, तो मारताना दोन मोहरे एकाच हातात हाताळण्याची आणि घड्याळ दाबण्याची लकब वर्षानुवर्षे खेळलेल्या माणसाच्या बोटांत असते, आणि ती नटाला शिकून घ्यावी लागते. मोहरा ठेवताना होणारा आवाजही ऐकावा; खात्री असलेला खेळाडू तो कसा ठेवतो आणि घाबरलेला कसा, हा फरक चांगले ध्वनिसंयोजन संवादाविना सांगून जाते. आणि संकलनाकडे लक्ष द्यावे. ‘द क्वीन्स गॅम्बिट’मधील स्पर्धा एकमेकींपासून वेगळ्या रीतीने जुळवल्या आहेत: काही डावांत पट जवळजवळ दिसतच नाही, केवळ नजरा दिसतात, काही ठिकाणी पडद्याचेच चौकोन पाडले आहेत, तर काही डाव दोन-तीन खेळ्यांत उरकले आहेत. संकलक मिशेल टेसोरो यांना त्यासाठी एमी पुरस्कार मिळाला, आणि एकच खेळ तासन्‌तास दाखवूनही तो कंटाळवाणा का होत नाही याचे निम्मे उत्तर त्या कामात आहे.

दुसऱ्या खेपेस: पट

दुसऱ्या वेळी शेजारी खरा पट किंवा लिचेसचा विश्लेषणाचा पट उघडून बसावे. प्रथम पट नीट ठेवला आहे का ते पाहावे: प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचे कोपऱ्यातले घर पांढरे हवे, आणि वजीर आपापल्या रंगाच्या घरात हवा. चित्रपटांत ही चूक इतक्यांदा होते की ती शोधणे हा काहींचा छंदच झाला आहे. मग ज्या क्षणी पट वरून किंवा बाजूने पूर्ण दिसेल तिथे चित्र थांबवून स्थिती उतरवून घ्यावी. त्यापुढच्या खेळ्या पात्रांच्या हातांवरून किंवा संवादांवरून भरत जाव्यात. एखादी खेळी दिसली नाही तर दोन-तीन शक्यता करून पाहाव्यात आणि पुढच्या दृश्याशी जुळणारी ठेवावी. काम चिकाटीचे आहे, पण त्यात पडद्यामागची एक वेगळीच गोष्ट हाती लागते: यांतले कित्येक डाव खरोखर खेळले गेलेले असतात.

‘द क्वीन्स गॅम्बिट’चे सल्लागार माजी जगज्जेते गॅरी कास्पारॉव्ह आणि ब्रूस पँडोल्फिनी होते, हे पँडोल्फिनी म्हणजे वर ज्यांचे पात्र आले तेच शिक्षक. मालिकेचा शेवटचा डाव १९९३ साली स्वित्झर्लंडमधील बील येथे व्हॅसिल इव्हानचुक आणि पॅट्रिक वुल्फ यांच्यात झालेल्या डावावर बेतलेला आहे. खरा डाव बरोबरीत सुटला होता. कास्पारॉव्ह यांनी मधूनच वेगळी वाट काढून तो विजयापर्यंत नेला. दोन्ही डाव समोरासमोर मांडून ती वाट कुठे फुटते हे शोधणे, हा दुसऱ्या खेपेतला सर्वांत आनंदाचा भाग आहे. १९६३च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटात क्रॉनस्टीन नावाचा खलनायक एका भव्य दालनात डाव जिंकतो, तो बोरिस स्पास्की आणि डेव्हिड ब्रॉन्स्टाइन यांच्या १९६० सालच्या लेनिनग्राडमधील डावाचा शेवट आहे. मात्र पडद्यावर पटाच्या मध्यातली दोन प्यादी गायब आहेत. ती मुळातल्याप्रमाणे परत ठेवून आणि काढून, दोन्ही प्रकारे तो शेवट खेळून पाहावा. एका प्याद्याने स्थितीचा अर्थ किती बदलतो हे पुस्तकापेक्षा इथे चांगले कळते. स्टॅन्ली कुब्रिक स्वतः न्यूयॉर्कच्या बागांत बुद्धिबळ खेळणारा माणूस. त्याच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये हाल हा संगणक अंतराळवीराला हरवतो तो डाव १९१० साली हॅम्बुर्गमध्ये झालेला आहे. मात सांगताना हाल एका घराचे नाव चुकीचे घेतो, आणि अंतराळवीर ते न तपासताच हार मानतो. ही चूक मुद्दाम पेरली की अनवधानाने राहिली, यावर चाहते अजून भांडतात. पुढच्या कथेत तो संगणक काय करतो हे ठाऊक असलेल्याला ती मुद्दाम वाटणारच.

चुका काढताना एक तारतम्य ठेवावे. प्रतिस्पर्ध्याला अकस्मात मात दिसणे, विजेत्याने ‘शह आणि मात’ असे मोठ्याने म्हणणे, हरलेल्याने राजा नाट्यमय रीतीने आडवा करणे, हे सगळे पडद्याच्या सोयीसाठी केलेले असते आणि त्यावर राग धरण्यात हशील नाही. पण जगातल्या पहिल्या दहांत असलेला खेळाडू एका खेळीत होणारी मात पाहू शकला नाही असे दाखवले, तर ती चूक पटाची राहत नाही; त्या पात्राच्या बुद्धीविषयी चित्रपटाने तोवर सांगितलेले सगळे त्याने खोटे ठरते. आपली तक्रार अशा जागेसाठी राखून ठेवावी.

‘शतरंज के खिलाड़ी’ला हा नियम लावू नये

सत्यजित राय यांच्या १९७७च्या या चित्रपटात वरची सगळी रीत उलटी पडते. इथले दोन्ही खेळाडू, संजीवकुमारांचे मिर्झा आणि सईद जाफरींचे मीर, सामान्य खेळणारे आहेत, आणि त्यांचे डाव उतरवून घेण्यात काहीच अर्थ नाही. १८५६चे लखनौ आहे; जनरल आउट्रम (रिचर्ड ॲटनबरो) नवाब वाजिद अली शाहला (अमजद खान) गादी सोडायला लावण्याच्या तयारीत आहे, आणि हे दोन जहागीरदार हुक्का ओढत पटावर वाकलेले आहेत. म्हणून पहिल्या खेपेस मिर्झा-मीर यांच्याकडे आणि दुसऱ्या खेपेस फक्त आउट्रमकडे पाहावे. नवाब आणि आउट्रम यांच्यात चाललेला डाव हाच इथला खरा डाव आहे, आणि त्यात एका बाजूकडे मोहरेच उरलेले नाहीत.

चित्रपटाच्या सुरुवातीचा हलत्या व्यंगचित्रांचा (ॲनिमेशनचा) तुकडा मराठी प्रेक्षकाने सावकाश पाहावा. त्यात लॉर्ड डलहौसी एकेक चेरी तोंडात टाकत जातो आणि प्रत्येक चेरी म्हणजे खालसा केलेले एकेक राज्य असते. त्यांत सातारा आणि नागपूर आहेत. साताऱ्याचे राज्य १८४८ साली गेले, नागपूरचे १८५४ साली. अवधची पाळी त्यांच्यानंतरची. अमिताभ बच्चन यांच्या आवाजातले निवेदन आणि त्या व्यंगचित्रांची थट्टेखोर शैली यांमुळे हसू येते, आणि आपण कशाला हसलो हे जरा उशिरा ध्यानात येते.

डेव्हिड यांनी रंगवलेले मुन्शी नंदलाल इंग्रजी पद्धतीचे बुद्धिबळ समजावून सांगतात तो प्रसंगही असाच. प्यादे पहिल्या खेळीत दोन घरे जाते, वजिराच्या जागी राणी असते, डाव लवकर संपतो, अशी ती नवलाची माहिती. आणि दोघे मित्र हा खेळ आपल्याच मुलखातून तिकडे गेला असताना त्यांनी त्याचे नियम बदलावेत कसे, यावर कुरकुरतात. शेवटी कंपनीची फौज लखनौत शिरत असताना, गावाबाहेर मातीत बसून, ते त्याच इंग्रजी नियमांनी डाव मांडतात: वजिराने बाजूला व्हावे, मलिका व्हिक्टोरिया येत आहे. प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोघे तलवारी उपसून एकमेकांना मारतात. राय यांनी गोळी सुटू दिली, पण दोघांनाही जिवंत ठेवले. ही तुलना स्वतः करून पाहण्यासाठी कथा चित्रपटानंतर वाचावी, आधी वाचू नये. आधी वाचली तर शेवटच्या प्रसंगात आपण मृत्यूची वाट पाहत बसतो आणि राय यांनी काय केले आहे ते हातचे निसटते. मला स्वतःला राय यांचा शेवट अधिक निर्दय वाटतो.

सत्यकथा असेल तेव्हा

खऱ्या खेळाडूंवरचे चित्रपट आधी चित्रपट म्हणून पाहावेत आणि नोंदी नंतर तपासाव्यात. ‘पॉन सॅक्रिफाइस’ (२०१४) हा एडवर्ड झ्विकचा चित्रपट १९७२च्या रेक्याविक येथील, अमेरिकेचा बॉबी फिशर आणि सोव्हिएत जगज्जेता बोरिस स्पास्की यांच्या लढतीवर आहे, आणि त्यातला नाट्यमय भाग बहुतांशी खरा आहे: पहिल्या डावात फिशरने उंटाने एक प्यादे मारले आणि तो उंट अडकून पडला; दुसऱ्या डावाला तो आलाच नाही आणि गुण गमावून बसला; तिसरा डाव प्रेक्षक व कॅमेऱ्यांपासून दूर, मागच्या एका खोलीत झाला; सहाव्या डावानंतर स्पास्कीने प्रतिस्पर्ध्यासाठी टाळ्या वाजवल्या. चित्रपट कळसाला पोहोचतो तो याच सहाव्या डावावर. प्रत्यक्षात लढत २१ डाव चालली आणि फिशर १२½–८½ असा जिंकला. वगळलेल्या पंधरा डावांचा मला विषाद नाही. स्पास्कीसारखा उमदा माणूस त्यात थोडाच वेळ दिसतो, याचा आहे. ‘सर्चिंग फॉर बॉबी फिशर’मधला जॉशही खरा मुलगा; चित्रपटात तो अंतिम डाव जिंकतो, खरा डाव मात्र बरोबरीत सुटला होता. चित्रपटात प्रतिस्पर्ध्यापुढे बरोबरीसाठी हात पुढे करणारा जॉश आहे, त्यामुळे ही माहिती कळल्यावर तो प्रसंग पुन्हा पाहण्यासारखा होतो.

काही बदल मात्र निरुपद्रवी नसतात. ‘द क्वीन्स गॅम्बिट’च्या शेवटच्या भागात जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली यांचे नाव घेऊन त्या पुरुषांविरुद्ध कधी खेळल्याच नाहीत, असे एक वाक्य टाकले आहे. त्या १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षे महिला जगज्जेत्या होत्या, पुरुषांविरुद्ध अनेकदा खेळल्या होत्या, आणि १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळवणारी पहिली महिला ठरल्या. त्यांनी २०२१ साली नेटफ्लिक्सवर दावा लावला. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. काल्पनिक नायिका उंच दिसावी म्हणून खऱ्या स्त्रीला खुजे करणे हे मालिकेचे मोठे वैगुण्य आहे, आणि मालिका मनापासून आवडूनही ते तसेच म्हणायला हवे. हंगेरीच्या ग्रँडमास्टर ज्युडिट पोल्गार यांचा आक्षेपही ऐकण्यासारखा आहे: बेथला भेटणारे पुरुष खेळाडू फारच सौजन्याने वागतात, असे त्या म्हणाल्या होत्या. आपल्याकडचा पुरावा हवा असेल तर मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांचा आहे. १९७६ साली त्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना द्यावा लागला. मालिका पाहणाऱ्या मुलींना हा प्रसंग सांगावा. पटकथेत तो असता तर अतिशयोक्ती वाटली असती.

कोणत्या क्रमाने पाहावे

सुरुवात करण्यासाठी १९२५चा ‘चेस फीव्हर’ हा सोव्हिएत मूकपट उत्तम आहे. तो अर्ध्या तासाहूनही लहान आहे, त्या वर्षीच्या मॉस्को स्पर्धेच्या वेळी चित्रित झाला आहे, आणि त्यात तेव्हाचे जगज्जेते कापाब्लांका स्वतः दिसतात. खेळाच्या नादात लग्नाचा विसर पडणारा नायक पाहून मुलेही हसतात. मुलांसोबत त्यानंतर ‘क्वीन ऑफ कात्वे’ आणि ‘सर्चिंग फॉर बॉबी फिशर’ पाहावेत. ‘द क्वीन्स गॅम्बिट’ मुलांसाठी नाही. त्यात व्यसन आहे आणि आत्मघाताची छाया आहे, त्यामुळे पट पाहून ती लहानांसमोर लावू नये. ती एका रात्रीत संपवण्याचा मोहही आवरावा, कारण दोन भागांमधल्या दिवसात एखादा डाव खेळला की पुढचा भाग वेगळा दिसतो.

स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा ‘द सेव्हन्थ सील’ (१९५७) शेवटी ठेवावा. धर्मयुद्धावरून परतलेला सरदार मृत्यूशी डाव मांडतो, ही कल्पना स्वीडनमधील तेबी येथील चर्चच्या छतावरच्या पंधराव्या शतकातील चित्रावरून आली. पटावर काय घडते हे तिथे गौण आहे. सरदार आपला बेत पाद्र्याला सांगतो आणि तो पाद्री मृत्यूच निघतो, आणि पुढे सरदार मुद्दाम मोहरे उधळतो ते दुसऱ्या कुणाला निसटायला वेळ मिळावा म्हणून. या दोन प्रसंगांकडे लक्ष ठेवले की पुरे.

आणि कथाचित्रपटांचा कंटाळा आला तर ‘अल्गोरिदम्स’ (२०१२) हा इयन मॅक्डोनल्ड यांचा कृष्णधवल माहितीपट पाहावा. भारतातील दृष्टिहीन तरुण खेळाडूंसोबत तो काही वर्षे फिरतो, आणि त्यांना घडवणारे चारुदत्त जाधव हे स्वतः दृष्टिहीन असलेले मुंबईचे खेळाडू त्यात ठळकपणे आहेत. या खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, मोहरे भोकांत खोवलेले असतात, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर ओळखीसाठी टोक असते, आणि दोघांपुढे स्वतंत्र पट असल्यामुळे प्रत्येक खेळी मोठ्याने उच्चारावी लागते. या चित्रपटासाठीही शेजारी पट मांडू नये. खेळी उच्चारल्या जातील त्या प्रसंगात डोळे मिटून त्या ऐकाव्यात, मनात पट धरून ठेवण्याचा प्रयत्न करावा, आणि तो विस्कटला की डोळे उघडून त्या मुलांची बोटे मोहऱ्यांवरून कशी फिरतात ते पाहावे.